थोरली पाती, धाकटी पाती आणि आर-४०५

(आपल्या समाजाच्या गणेशोत्सवात अभियंता दिनाच्या संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



ह्या व्यासपीठावर आजवर मोठमोठी माणसे बोलून गेली. मी डिप्लोमावाला माणूस. राज्य शासनाच्या नोकरीत धारला प्रयोगशाळेचे काम बघतो, शनिवारी इंदूरमार्गे बस पकडून देवासला घरी येतो. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल बोला, पण सगळ्यांना कळेल असं." तेव्हा आज नंबर घालण्याविषयी बोलणार आहे. सर्किट बोर्डावर एकच भाग पुन:पुन्हा येतो तेव्हा त्यातल्या सुट्या भागांना नंबर कसे द्यावेत, एवढाच विषय. ऐकायला कोरडा वाटेल. पण माझ्या एका चुकीच्या नंबरामुळे ऐन मे महिन्यात एका वस्तीचे पाणी दोन दिवस बंद होते, म्हणून तो मला कोरडा वाटत नाही.

आधी आपल्या मंडपातल्या मिक्सरकडे बघा. आरतीचा माईक, पेटीचा माईक, तबल्याचे दोन, निवेदकाचा एक. प्रत्येक माईकसाठी बटणांची एक उभी पट्टी आहे, आणि सगळ्या पट्ट्या सारख्या. झाकण उघडले तर आतही तसेच दिसेल: तेच रेझिस्टर, तेच कपॅसिटर, त्याच जागी, आठ वेळा. बनवणाऱ्याने सर्किट एकदाच काढले आणि त्याच्या आठ प्रती केल्या. ह्या एकेका प्रतीला आम्ही चॅनेल म्हणतो.

आता बोर्डावरच्या प्रत्येक भागाला नाव लागते. त्याची रीत जगभर जवळजवळ सारखी आहे. रेझिस्टर असेल तर आर, कपॅसिटरला सी, डायोडला डी, ट्रान्झिस्टरला क्यू, आयसीला यू, रिलेला के, आणि पुढे नंबर. आर-१, आर-२, सी-१, यू-३ अशी ही नावे. बोर्डावर बारीक पांढऱ्या अक्षरांत तीच छापलेली असतात. एका बोर्डावर एक नाव दोघांना देता येत नाही. भाग बसवणारे यंत्र, सामानाची यादी, दुरुस्तीचे ड्रॉइंग, सगळे त्या नावावरच चालते. वर्गात दोन मुलांचा हजेरी नंबर एकच असून कसे चालेल?

पण इथेच अडचण येते. आठही चॅनेलमधला पाचवा रेझिस्टर काम तेच करतो, किंमत तीच, जागाही तीच. म्हणजे नाव सारखे असावे असे वाटते. आणि नाव सारखे असून तर चालत नाही. मग करायचे काय?

हा प्रश्न आपल्या देवासला नवा नाही. पवार घराण्यातले तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोघे भाऊ बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आले, आणि १७२८ च्या सुमारास इथे दोघांची गादी झाली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. १८४१ नंतर तर दोन्ही पात्यांचा कारभार अगदी वेगळा झाला. गाव एक, नाव एक, आडनाव एक, आणि महाराज दोन. तोफांची सलामीदेखील दोघांना सारखीच, पंधरा-पंधरा. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थाही वेगवेगळी. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. पुढे १९५३ मध्ये त्यांनी देवासवर पुस्तक लिहिले, ते आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो दुहेरी कारभार संपला.

आमच्या आजोबांच्या पितळी डब्यात त्या काळची दोन तांब्याची नाणी होती. पाव आण्याची, दोन्ही १८८८ ची. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला किंमत, साल आणि देवास स्टेट असे इंग्रजी शब्द. लहानपणी मला दोन्ही एकच वाटत. आजोबांनी एकदा भिंग हातात दिले आणि म्हणाले, "नीट बघ. एकावर एस. बी. आहे, दुसऱ्यावर जे. बी." एस. बी. म्हणजे सीनियर ब्रँच, थोरली पाती. जे. बी. म्हणजे ज्युनियर ब्रँच, धाकटी. बाकी नाणे जसेच्या तसे.

बोर्डाच्या प्रश्नाचे उत्तर ह्या नाण्यांवर आहे. जे सारखे आहे ते सारखेच ठेवायचे, आणि पाती कोणती तेवढे त्याच्याजवळ लिहायचे. मला हे उत्तर लहानपणी घरात मिळालेले होते. तरी कामाच्या जागी मी विसरलो. ती हकिकत सांगतो.

डिप्लोमा झाल्यावर, सरकारी नोकरी लागण्याआधी, पीथमपूरकडे एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी काम करत होतो. आम्ही पाण्याच्या टाक्यांसाठी आठ चॅनेलचे एक कार्ड बनवत असू. टाकीतल्या सेन्सरकडून येणारा करंट कार्ड बघे आणि पातळीप्रमाणे रिले चालू-बंद करी. रिलेवर पंप. आठ टाक्या, आठ पंप.

प्रत्येक चॅनेलमध्ये १४ रेझिस्टर होते. नंबर घालायचे काम सॉफ्टवेअर करते, एक बटण दाबले की झाले. त्याने सरळ ओळीने नंबर घातले. पहिल्या चॅनेलला आर-१ ते आर-१४, दुसऱ्याला आर-१५ ते आर-२८, असे शेवटी आर-११२ पर्यंत. आता सेन्सरचा करंट ज्यातून जातो तो १०० ओहमचा रेझिस्टर चॅनेलमधला पाचवा. त्याचे नंबर झाले ५, १९, ३३, ४७, ६१, ७५, ८९ आणि १०३. ह्या आकड्यांकडे बघून कोणी सांगेल का, की हे आठ सख्खे भाऊ आहेत? पण कार्ड चालत होते, म्हणून कोणी विचार केला नाही. अशी काही कार्डे गावोगावी लागली.

वर्षभराने सुधारणा म्हणून मी प्रत्येक चॅनेलमध्ये एक रेझिस्टर वाढवला. चौदाचे पंधरा झाले. पुन्हा तेच बटण दाबले. सॉफ्टवेअरने सगळे नंबर नव्याने घातले, आणि चौथ्या चॅनेलमधला तो १०० ओहमचा रेझिस्टर आर-४७ होता, त्याचा आर-५० झाला. नवे ड्रॉइंग मी टेबलाच्या काचेखाली ठेवले. जुने कुठल्याशा फाइलमध्ये गेले.

मे महिना होता. एका वस्तीच्या पाणीपुरवठ्यावरून तिथल्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. आदल्या रात्री वीज कडाडली होती आणि चौथा पंप सुरू होत नव्हता. अशा वेळी बहुधा सेन्सरचा रेझिस्टरच जातो, ते मला माहीत होते. मी काचेखाली बघितले आणि सांगितले, "आर-पचास बदल दो, सौ ओहम लगाओ." त्याच्याकडे जुने कार्ड होते. जुन्या कार्डावर आर-५० म्हणजे त्याच चॅनेलमधला आठवा रेझिस्टर, ४.७ किलो-ओहमचा, रिलेच्या ट्रान्झिस्टरला बेताचा करंट देणारा. तो माणूस हुशार होता. म्हणाला, "साहब, जो लगा है उसके रंग अलग हैं. पीला, बैंगनी, लाल." तिथे मी थांबायला हवे होते. मी म्हणालो, "जो नंबर बोला है, वही लगाओ."

त्याने लावला. ४,७०० ओहमच्या जागी १०० ओहम. ट्रान्झिस्टर गेला आणि त्याला चालवणारी आयसीही तापून गेली. त्या एका आयसीत चार चॅनेलची कामे होती. सकाळी एक पंप बंद होता, दुपारी चार बंद झाले. आयसी इंदूरहून न्यायची, बसवायची, तपासायची, ह्यात दोन दिवस गेले. मी स्वतः गेलो होतो. नळावर रिकाम्या हंड्यांची रांग बघितली. तो इलेक्ट्रिशियन मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

परत येताना बसमध्ये मी वहीत आकडे मांडत होतो. आठही चॅनेलचे पाचवे रेझिस्टर एकाखाली एक लिहिले, शेजारी नवे नंबर लिहिले. आणि एकदम ती दोन नाणी आठवली. थोरल्या पातीच्या नाण्यावर एस. बी. लिहिले, धाकट्या पातीच्या नाण्यावर जे. बी.; दोन्ही नाण्यांना ओळीने नंबर देत कोणी बसले नव्हते. म्हणजे चौथ्या चॅनेलमधला पाचवा रेझिस्टर हा आर-४०५ असायला हवा होता. चार म्हणजे पाती, शून्य-पाच म्हणजे त्या पातीतली जागा. मग पहिल्या चॅनेलचा आर-१०५, दुसऱ्याचा आर-२०५, आठव्याचा आर-८०५. सुधारणेत एक रेझिस्टर वाढला तर त्याला आर-४१५ म्हणायचे, बाकी कोणी जागचे हलणार नाही. फोनवर "आर-४०५" म्हटले असते, तर जुन्या कार्डावर आणि नव्यावर एकाच रेझिस्टरवर बोट पडले असते.

हा काही माझा शोध नाही. जुन्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरचे दुरुस्तीपुस्तक उघडा, कित्येकांत एका कानाचे भाग शंभरात आणि दुसऱ्या कानाचे दोनशेत सापडतील. अमेरिकन लष्कराच्या जुन्या यंत्रांत तर पूर्ण पत्ताच लिहीत: १ए२आर३ म्हणजे पहिल्या युनिटमधल्या दुसऱ्या जोडणीतला तिसरा रेझिस्टर. आपण घर, गल्ली, गाव लिहितो तसाच पत्ता, फक्त मोठ्याकडून लहानाकडे. मला मात्र ते हंड्यांच्या रांगेकडून शिकावे लागले.

ह्या पद्धतीचा फायदा दुरुस्तीत दिसतो. समजा, आपल्या मिक्सरचा तिसरा माईक खरखरतो आणि चौथा चांगला आहे. मीटर घेऊन बसायचे. आर-३१२ वरचा व्होल्टेज बघायचा, मग आर-४१२ वरचा. सारखा आला तर पुढे. सी-३०७ आणि सी-४०७ बघायचे. जिथे आकडा वेगळा आला, तिथे दोष. सर्किटची थिअरी फारशी येत नसली तरी चालते, कारण शेजारची चांगली पट्टीच तुमचे पुस्तक असते. हेच नंबर सरळ ओळीने घातलेले असतील तर आर-४० चा जोडीदार आर-५४ की आर-५५, हे शोधण्यातच रात्र जाईल.

ज्यांची मुले इंजिनीअरिंगला आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी थोड्या खोलात सांगतो. बाकीच्यांनी तोवर मोदकांचा विचार करायला हरकत नाही.

पहिली गोष्ट सामाईक भागांची. पॉवर सप्लाय, मुख्य कनेक्टर हे कोणत्याच चॅनेलचे नसतात. त्यांना एक ते नव्याण्णव द्यावेत आणि चॅनेलची सुरुवात शंभरापासून करावी. माझ्या कार्डावरची ती चार चॅनेल सांभाळणारी आयसीसुद्धा सामाईकच. तिला यू-१०१ म्हटले, तर ती पहिल्या चॅनेलची आहे असे वाटते आणि बाकी तिघांचा तिच्याशी संबंध आहे हे लक्षात येत नाही. तिला यू-१ म्हणावे. म्हणजे हात लावण्याआधी माणूस विचार करील, की हिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. काही जण आर-५ए, आर-५बी असे लिहितात. रेझिस्टरला ते चालून जाते. पण आयसीच्या बाबतीत यू-१ए, यू-१बी ह्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे: एकाच आयसीच्या पोटातले वेगवेगळे भाग. तिथे घोटाळा होतो. शिवाय इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्यासारखी दिसतात, म्हणून ती टाळावीत. मला शंभराची पद्धत बरी वाटते. एका चॅनेलमध्ये एकाच जातीचे भाग नव्याण्णवच्या वर गेले तर हजाराची घ्यावी.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. कीकॅड नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या एका प्राध्यापकांनी सुरू केलेले, आता जगभर वापरतात. त्यात पानाचा नंबर गुणिले शंभर अशी सोय तयारच आहे. पण एक खाच आहे. मुख्य पान एक नंबरचे धरले, तर पहिला चॅनेल दुसऱ्या पानावर येतो आणि त्याचे भाग दोनशेत जातात. डब्यावर "चॅनेल १" लिहिलेले आणि आत आर-२०५! असे होऊ देऊ नका. डब्यावर जो आकडा तोच आत हवा, त्यासाठी हाताने दुरुस्ती करावी लागली तरी करा.

चौथी गोष्ट, दुसऱ्या बाजूचे म्हणणे. बोर्डावर दुरुस्ती करणारे पुष्कळ लोक म्हणतात, नंबर जागेप्रमाणे घाला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, म्हणजे आर-४६ च्या शेजारी आर-४७ सापडतो. दाटीवाटीच्या बोर्डावर एक रेझिस्टर शोधण्यात डोळे फुटतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे खोटे नाही. जिथे एकच भाग पुन:पुन्हा येत नाही, तिथे मीही तसेच करतो. पण चॅनेल असतील तर ते बोर्डावर पट्ट्या-पट्ट्यांनी शेजारी-शेजारी मांडावेत आणि प्रत्येक पट्टीतले नंबर जागेप्रमाणे घालावेत. मग दोघांचेही समाधान होते.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. एकदा बोर्ड बाहेर गेले की दिलेला नंबर बदलायचा नाही. भाग काढून टाकला तर त्याची जागा रिकामी राहू द्यायची. आर-४०९ नाही, तर नाही. यादीत तेवढे लिहून ठेवायचे, पण तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

आपल्या गावात १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरी केलेली आहे, त्यांना मी काय सांगणार! नोट एकसारखी, लाखोंनी छापलेली. तिची ओळख म्हणजे तिचा नंबर. छपाईत एखादी नोट खराब झाली तर काय करायचे? २००६ पासून रिझर्व्ह बँकेने तारा असलेल्या नोटा काढल्या. बाद नोटेऐवजी जी नोट येते तिच्या नंबरात एक छोटा तारा असतो. क्रम तुटला तर तुटू दिला, पण बदली नोट ही बदली आहे हे तिच्यावरच लिहिले. नोटेत तारा दिसला की लोक खोटी समजून घाबरतात. ती खोटी नसते, उलट जास्तच प्रामाणिक असते.

मी मात्र क्रम सुंदर दिसावा म्हणून बटण दाबले होते. ११२ चे १२० झाले, मध्ये एकही खाडा नाही. कागदावर फार छान दिसत होते. पण वस्तीतल्या त्या माणसाच्या हातातले कार्ड माझ्या कागदाला विचारून बदलत नव्हते.

आता प्रयोगशाळेत मुले बोर्ड करून आणतात तेव्हा मी आधी नंबर बघतो. मुले कंटाळतात. म्हणतात, "सर, चालतंय ना बोर्ड?" चालतंय तोवर नंबर लागतच नाही, रे बाबा. नंबर लागतो बंद पडल्यावर. आणि तेव्हा तो बोर्ड तुझ्यापुढे नसतो, दुसऱ्या कोणापुढे असतो. त्याला तू माहीत नाहीस, तुझे ड्रॉइंग त्याच्याकडे नाही, आणि बहुधा त्याच्यामागे कोणी तरी पाण्याची वाट बघत उभे असते.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवसापासून पाळतो. फोनवर समोरचा माणूस म्हणाला, "साहब, रंग अलग हैं," की मी थांबतो. नंबर मी दिलेला असतो, पण भाग त्याला डोळ्यांनी दिसत असतो.

आता समाजाच्या कामाचे. मागल्या रविवारी आम्ही तिघा-चौघांनी आपल्या मिक्सरच्या वायरींना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. माईक ३, वायर ३, मिक्सरची पट्टी ३. हॉलमधल्या स्विचबोर्डाचेही तसेच केले: खालच्या मजल्याचे शंभरात, वरच्या मजल्याचे दोनशेत. स्वयंपाकघराचा स्विच १०४ आहे, वरच्या खोलीत त्याच जागेवरचा २०४. मोटारीचा मुख्य स्विच सामाईक, म्हणून त्याला नुसता १ दिला आहे. यादी लाकडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वर्षी कोणी ह्या चिठ्ठ्या सुबक दिसाव्यात म्हणून नव्याने नंबर घालू नयेत. नवीन स्विच आला तर पुढचा नंबर द्यावा आणि यादीत एक ओळ वाढवावी.

आरतीची वेळ झाली आहे. मिक्सरवर बसलेल्या मुलाला सांगून ठेवले आहे, माईक खरखरला तर घाबरायचे नाही. शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचे.



गणपती बाप्पा मोरया!